ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल करता येते का?

१. प्रश्न कुठून येतो

दहा-पंधरा वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक गाडी बाजारात स्वस्त मिळते. पुण्या-मुंबईत एखाद्या कुटुंबाने जपून चालवलेली सिटी, आय-टेन किंवा डिझायर दलालाच्या हाताने जालन्याला, अंबडला, भोकरदनला येते. बॉडी चांगली, इंजिन चांगलं, एसी थंडगार. घेणारा खूश असतो. मग एखाद्या दिवशी लिव्हर 'डी'वर ओढला तरी गाडी हलत नाही. इंजिन नुसतंच ओरडतं. किंवा दुसरा गिअर पडताना असा झटका बसतो की मागे बसलेल्याचं डोकं पुढच्या सीटवर आपटतं. गॅरेजवाला एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, ''गिअरबॉक्स गेला.'' पुढचा आकडा ऐकला की मालकाला वाटतं, एवढ्यात तर अर्धी गाडी येईल.

तिथेच हा प्रश्न जन्माला येतो. ''याच गाडीचं मॅन्युअल मॉडेल आमच्या गल्लीत उभं आहे. इंजिन तेच. मग हा ऑटोमॅटिक काढून तो साधा गिअरबॉक्स बसवून द्या ना!''

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं, की काही गाड्यांत हे काम होतं, चांगलं होतं आणि पुढे वर्षानुवर्षं टिकतं. मात्र ते 'गिअरबॉक्स बदलणं' एवढंच नसतं. गिअरबॉक्सच्या मागेपुढे, वर-खाली जे काही जोडलेलं असतं, ते सगळं बदलावं लागतं. त्यातलं एकही राहिलं तर गाडी गॅरेजच्या दारात महिनोन् महिने पडून राहते. मालकाने निदान काय काय बदलायचं हे समजून घ्यावं, म्हणजे गॅरेजवाल्याशी नीट बोलता येतं.

२. गिअरबॉक्स मुळात हवा कशाला?

पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाची एक अडचण आहे. ते फार हळू फिरू शकत नाही. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली आलं की बंद पडतं. शिवाय त्याचा खरा जोर मधल्या टप्प्यात असतो. चाकाला मात्र शून्यापासून सुरुवात करायची असते, आणि सुरुवातीलाच सगळ्यात जास्त जोर हवा असतो. या दोघांचा मेळ घालणारा मधला माणूस म्हणजे गिअरबॉक्स. जालन्याच्या एमआयडीसीत सळई लाटणाऱ्या मिलमध्येही मोटर आणि रोल यांच्यामध्ये गिअरबॉक्स असतोच. मोटर वेगाने फिरते, रोल सावकाश फिरतात, आणि जेवढा वेग कमी तेवढा जोर वाढतो.

आकडे घालून पाहू. समजा, एका गाडीच्या पहिल्या गिअरचा रेशो ३.५ आहे आणि शेवटच्या जोडीचा, म्हणजे डिफरन्शियलचा, ४ आहे. दोन्हींचा गुणाकार १४. इंजिन मिनिटाला २,८०० फेऱ्या मारत असेल तर चाक २०० फेऱ्या मारेल. टायरचा घेर १.८ मीटर धरला तर गाडी मिनिटाला ३६० मीटर, म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटर जाईल. आता पाचवा गिअर टाका. त्याचा रेशो ०.७५, गुणाकार ३. इंजिनाच्या त्याच २,८०० फेऱ्यांना चाक ९३३ फेऱ्या मारतं आणि गाडी ताशी १०० किलोमीटरला पोचते. इंजिनाचा आवाज तोच, वेग जवळजवळ पाचपट. पण चाकापर्यंत पोचणारा जोर मात्र चौदापटीवरून तिप्पटीवर आलेला असतो. म्हणूनच पाचव्या गिअरमध्ये गाडी जागेवरून उचलत नाही.

मॅन्युअल गाडीत हे रेशो आपण हाताने निवडतो. निवडताना इंजिन आणि गिअरबॉक्स क्षणभर वेगळे करावे लागतात, त्यासाठी पायाखाली क्लच. क्लच म्हणजे घर्षणाची एक चकती. इंजिनाच्या मागे जड फ्लायव्हील असतं. त्यावर प्रेशर प्लेट ही चकती घट्ट दाबून धरते, आणि पेडल दाबलं की ती सुटते.

३. क्लचचं काम तेल कसं करतं?

ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडल नाही, तरी सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन बंद पडत नाही. कारण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लोखंडाला लोखंड थेट जोडलेलं नसतं. मध्ये तेल असतं. डेऱ्यात रवी घुसळली की ताक गरगरतं, आणि डेरा खाली टेकलेला नसता तर ताकाबरोबर तोही फिरायला लागला असता. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये नेमकं हेच घडतं. इंजिनाला जोडलेली पाती तेल भिरकावतात, त्या तेलाच्या माऱ्याने समोरची पाती फिरतात, आणि ती गिअरबॉक्सला फिरवतात. ब्रेकवर पाय असेल तर समोरची पाती थांबतात. तेल नुसतंच घुसळलं जातं आणि इंजिन आपलं चालू राहतं.

दोन्हींच्या मधोमध पात्यांची तिसरी चकती असते. ती परतणाऱ्या तेलाला वळण देते, आणि त्यामुळे गाडी निघताना इंजिनाचा जोर सुमारे दुप्पट होऊन पुढे जातो. ही कल्पना हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. त्याने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर गाड्या नव्हत्या, जहाजं होती. गाडीसाठी पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर विकला तो जनरल मोटर्सने. त्यांचा 'हायड्रामॅटिक' १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आला.

कन्व्हर्टरच्या मागे गिअर असतात. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये ते ग्रहमालेसारखे मांडलेले असतात. मधे सूर्य गिअर, त्याभोवती फिरणारे ग्रह गिअर आणि सगळ्यांना वेढणारं दातेरी कडं. यातलं कोणतं धरून ठेवायचं आणि कोणतं मोकळं सोडायचं यावर रेशो ठरतो. धरण्या-सोडण्याचं काम तेलाच्या दाबावर चालणारे छोटे क्लच करतात. दाब कुठे पाठवायचा हे झडपा ठरवतात आणि झडपांना हुकूम देतात सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे खटके. थोडक्यात, या गिअरबॉक्समध्ये तेल हेच सगळं काही आहे. तेच जोर वाहून नेतं, तेच गिअर बदलतं, तेच वंगण देतं आणि तेच उष्णता बाहेर काढतं. तेल बिघडलं की गिअरबॉक्स बिघडला.

४. तुमची गाडी कोणत्या जातीची?

दोन पेडल असलेल्या सगळ्या गाड्या एकाच प्रकारच्या नसतात, आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

वर सांगितला तो टॉर्क कन्व्हर्टरचा प्रकार. जुन्या सँट्रो, आय-टेन, ए-स्टार आणि २०१२ च्या आसपासची डिझायर यांचे ऑटोमॅटिक या जातीचे. दुसरा प्रकार सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतातच. रुंदी कमी-जास्त होणाऱ्या दोन पुल्यांमधून एक पोलादी पट्टा फिरतो आणि रेशो सरकत सरकत बदलतो. दुसऱ्या पिढीच्या होंडा सिटीत हा पर्याय होता. तिसरा प्रकार दोन क्लचवाला, बहुतेक महागड्या गाड्यांत.

चौथा प्रकार एएमटी. भारतात तो फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुती सेलेरिओतून आला आणि स्वस्त असल्यामुळे झपाट्याने पसरला. जालन्यासारख्या गावात आज ज्यांना लोक 'ऑटोमॅटिक' म्हणतात, त्यातल्या बऱ्याच गाड्या एएमटी आहेत. आणि एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच! तीच क्लच प्लेट, तेच गिअर, तेच दांडे. फरक इतकाच की क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्राचा हात बसवलेला असतो. त्यामुळे ''एएमटी मॅन्युअल करून द्या'' असं कुणी म्हणालं तर आधी विचारावं, बिघडलंय काय? बहुतेक वेळा झिजलेली क्लच प्लेट किंवा तो हात, म्हणजे ॲक्च्युएटर, यातलंच काहीतरी असतं. ते दुरुस्त करणं हेच शहाणपणाचं. या प्रकरणात पुढे जे लिहिलं आहे ते टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी यांच्यापुरतं.

५. खरंच गेला आहे का?

गिअरबॉक्स काढण्याआधी अर्धा दिवस तपासणीला द्या. माझ्या मते हा अर्धा दिवस पुढच्या सगळ्या खर्चापेक्षा मोलाचा आहे.

पहिली तपासणी तेलाची. बहुतेक ऑटोमॅटिकचं तेल नवं असताना लाल असतं. डिपस्टिक असेल तर पांढऱ्या कापडावर थेंब घ्या. लालसर आणि स्वच्छ असेल तर आशा आहे. तपकिरी झालं असेल आणि करपलेला वास येत असेल तर आतले क्लच जळायला लागलेत. गुलाबी दुधासारखं दिसत असेल तर तेलात पाणी गेलं आहे.

पाणी जातं कुठून? अनेक गाड्यांत हे तेल थंड करायला रेडिएटरच्या टाकीतच एक नळी बसवलेली असते. बाहेर कूलंट, आत गिअरबॉक्सचं तेल, मधे पातळसा धातू. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, गाडी तापते आणि मालक हाताशी असेल ते बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओततो. क्षार साठतात, धातू गंजतो, नळीला बारीक भोक पडतं. मग पाणी आणि तेल एकत्र होतं आणि आतल्या क्लचवरचं घर्षणाचं अस्तर सुटायला लागतं. कंपनीने सांगितलेलं कूलंट घालत राहिलं असतं तर हा खर्च वाचला असता. जालन्यात ऑटोमॅटिक बाळगणाऱ्याने बाकी काही नाही तरी एवढं पाळावं.

दुसरी तपासणी स्कॅनरची. गिअरबॉक्सचा संगणक बिघाडाचा कोड जपून ठेवतो. कित्येकदा दोष एखाद्या सोलेनॉइडचा, वेगाच्या सेन्सरचा किंवा गंजलेल्या अर्थिंगचा निघतो. अशा वेळी संगणक गिअरबॉक्स वाचवायला गाडी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो आणि मालकाला वाटतं, सगळंच संपलं.

तिसरी गोष्ट तपासणीची नाही, पथ्याची. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोरीने टोचन करून आणू नका. तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरत राहिली तर आतले भाग कोरडे घासतात. समृद्धी महामार्गावर बंद पडलेली गाडी जालना इंटरचेंजवरून गावात अशी ओढत आणली, तर जो गिअरबॉक्स एका सोलेनॉइडवर सुटला असता तो खरोखरच जातो. गाडी सपाट ट्रकवर चढवा, नाहीतर जी चाकं गाडी ओढतात ती जमिनीवरून उचलून आणा.

६. बदलायचं काय काय?

आता समजा, सगळं तपासून झालं आणि गिअरबॉक्स खरोखरच निकामी निघाला. मॅन्युअल करायचं तर पहिली अट एकच. त्याच इंजिनासह तीच गाडी कंपनीने मॅन्युअलमध्ये विकलेली असली पाहिजे. मर्सिडीजची डब्ल्यू १२४ किंवा व्होल्वोची २४० या गाड्यांवर परदेशातले हौशी लोक हे काम वर्षानुवर्षं करत आले, कारण दोन्ही गाड्या दोन्ही प्रकारांत निघाल्या होत्या आणि लागणारा प्रत्येक भाग कंपनीनेच कधीतरी बनवलेला होता. आपल्याकडच्या बहुतेक ऑटोमॅटिक या बाबतीत भाग्यवान आहेत. त्यांची मॅन्युअल आवृत्ती दसपट खपलेली असते.

सुटे भाग एकेक करून गोळा करण्यापेक्षा अपघातात गेलेली एक अख्खी मॅन्युअल गाडी शोधावी. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग मिळतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिथून नुसता गिअरबॉक्स आणला तर त्याच्याबरोबरच्या बारीकसारीक पंचवीस गोष्टी मागे राहतात. अख्खी गाडी असली की नेमका कोणता ब्रॅकेट कुठे बसतो, हे डोळ्यांना दिसतं. ती घेताना पावती आणि चेसिस नंबर लिहून घ्या. चोरीच्या गाडीचा भाग आपल्या गाडीत नको.

कामाचा सगळ्यात नाजूक भाग इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यात आहे. ऑटोमॅटिक उतरवला की क्रँकशाफ्टच्या टोकाला एक पातळ पोलादी पत्रा दिसतो, कडेला दाते असलेला. त्याला फ्लेक्स प्लेट म्हणतात. तिच्यावर क्लच बसू शकत नाही, कारण घासायला सपाट जाड पृष्ठभागच नसतो. इथे मॅन्युअल गाडीचं जड फ्लायव्हील बसवावं लागतं. चार सिलिंडरच्या इंजिनाला दर अर्ध्या फेरीला एक धक्का मिळतो. आठशे फेऱ्यांवर म्हणजे सेकंदाला सुमारे सत्तावीस धक्के. हे धक्के गिळून फिरणं सारखं ठेवायचं काम ऑटोमॅटिकमध्ये तेलाने भरलेला जड कन्व्हर्टर करतो, मॅन्युअलमध्ये फ्लायव्हील. फ्लायव्हीलचे बोल्ट फ्लेक्स प्लेटच्या बोल्टपेक्षा लांब असतात. जुनेच बोल्ट वापरले तर ते पुरेसे आत जात नाहीत. बोल्ट नवे घ्या, आणि टॉर्क रेंचने समोरासमोरच्या जोड्या घेत कंपनीने दिलेल्या मापाइतके आवळा. अंदाजाने आवळलेलं फ्लायव्हील सुटलं तर ते गिअरबॉक्सचं कवच फोडून बाहेर येऊ शकतं.

याच सांध्यावर बोटाच्या पेराएवढ्या दोन पोकळ पिना असतात, डॉवेल. इंजिनाच्या पाठीवरच्या भोकांत त्या बसतात आणि गिअरबॉक्सचं कवच त्यांच्यावर सरकून येतं. बोल्ट फक्त आवळतात. नेमकं केंद्र जुळवतात त्या पिना. जुना गिअरबॉक्स ओढताना एखादी पिन त्याच्याबरोबर निघून जाते, मागे भोक तेवढं राहतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग नवा गिअरबॉक्स केसभर तिरका बसतो. सुरुवातीला काहीच कळत नाही. काही हजार किलोमीटरनंतर क्लच प्लेटचा मधला भाग फाटतो, गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा आवाज येऊ लागतो आणि दोष 'जुन्या बाजारातल्या मालावर' जातो. गिअरबॉक्स वर चढवण्याआधी दोन्ही पिना जागेवर आहेत का, हे मालकाने स्वतः वाकून पाहावं.

जालन्यात लेथ आणि फॅब्रिकेशनचं काम करणारे हात उत्तम आहेत. पोलादाच्या धंद्यानेच ते घडवले आहेत. त्यामुळे ''दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स आणा, मधे जाड प्लेट कापून बसवू'' असा सल्लाही मिळतो. तो मानू नये. या सांध्याचं केंद्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं अचूक लागतं, आणि दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग एकमेकांना समांतर असावे लागतात. चांगला टर्नर एवढी अचूकता आणू शकतो. पण मोजायचं कुठून कुठे, हे ठरवायला मूळ आराखडे लागतात आणि ते हाताशी नसतात.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवीनच घ्या. एवढं सगळं खोलल्यावर जुनी क्लच प्लेट टाकणं म्हणजे सहा महिन्यांनी तेच काम पुन्हा करणं. चाकांकडे जाणारे एक्सल तपासा, कारण दोन्ही गिअरबॉक्सच्या रुंदीत फरक असल्याने त्यांची लांबी आणि आतले दाते वेगळे असू शकतात. इंजिन-गिअरबॉक्सची माउंटिंग मॅन्युअल गाडीची हवीत. स्टार्टर मोटर जुळते का पाहा. ब्रेकचं रुंद पेडल काढून तिथे क्लच आणि ब्रेकचा जोड बसवावा लागतो. बहुतेक गाड्यांत समोरच्या पत्र्यावर क्लचच्या केबलची किंवा सिलिंडरची जागा कंपनीने आधीच उठवलेली असते, कारण बॉडी दोन्ही प्रकारांना एकच असते. गिअर लिव्हर, त्याच्या केबल आणि कन्सोल ओघाने आलेच. रेडिएटरमधून गेलेली तेलाची नळी आता रिकामी राहील, तिची तोंडं बंद करा. टाकी जुनी असेल तर रेडिएटरच मॅन्युअल गाडीचा टाकावा.

ज्या गाड्यांत इंजिन लांबीला बसवलेलं असतं आणि मागची चाकं गाडी ओढतात, त्यांत एक वेगळी मेख असते. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टच्या पाठीतल्या छोट्या बेअरिंगमध्ये टेकतं. ऑटोमॅटिकच्या क्रँकमध्ये हे बेअरिंग बसवलेलं नसतं, आणि कधी कधी त्यासाठीचं भोकही पूर्ण मापाचं केलेलं नसतं. गिअरबॉक्स घासाघीस करून घेण्याआधी हे भोक मोजून घ्या.

७. गाडीला कळलं पाहिजे

लोखंडाचं काम संपलं, किल्ली फिरवली आणि स्टार्टर टकही करत नाही. अशा वेळी पुष्कळ लोक घाबरतात. कारण साधं असतं. ऑटोमॅटिक गाडी लिव्हर 'पी' किंवा 'एन' वर असल्याशिवाय सुरूच होत नाही. ते सांगणारा स्विच जुन्या गिअरबॉक्सवर होता, तो आता नाही. त्याच्या दोन वायरी नुसत्या जोडून दिल्या की गाडी सुरू होते, आणि गॅरेजमध्ये बहुतेक वेळा तेवढंच करतात. पण मग गाडी गिअरमध्ये असतानाही किल्लीसरशी उडी मारेल. दारात खेळणारं मूल असेल, समोर भिंत असेल. म्हणून त्या वायरी क्लच पेडलच्या स्विचमधून न्याव्यात. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये. या एका जोडणीत मी कुठलीच तडजोड चालवून घेणार नाही.

रिव्हर्सच्या दिव्याचा संकेतही त्याच जुन्या स्विचमधून यायचा. आता तो मॅन्युअल गिअरबॉक्सवरच्या स्विचमधून घ्यावा. स्पीडोमीटरला वेग सांगणारा सेन्सर जुळला नाही तर काटा शून्यावर राहतो आणि किलोमीटर मोजले जात नाहीत. काही गाड्यांत लिव्हर 'पी' वर गेल्याशिवाय किल्ली निघत नाही, ती अडकण काढावी लागते.

उरतो इंजिनाचा संगणक. ऑटोमॅटिकमध्ये तो गिअरबॉक्सच्या संगणकाशी सारखा बोलत असतो. तो बोलणारा नाहीसा झाला की चेक इंजिनचा दिवा पेटतो, कधी इंजिन मुद्दाम कमी ताकदीने चालतं. सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे मॅन्युअल गाडीचा ईसीएम, म्हणजे हाच संगणक, आणि त्याच्याशी जुळलेल्या किल्ल्या दोन्ही आणणं. अख्खी जुनी गाडी घ्या, असं वर म्हटलं ते यासाठीही.

८. कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ याचं कलम ५२ मालकाला बजावतं, की निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील विसंगत होईल असा बदल गाडीत करू नये. केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

''आरसीवर गिअरचा उल्लेखच नसतो, मग अडचण काय?'' असा युक्तिवाद ऐकू येतो. आरसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, सीसी, रंग असतो, गिअरबॉक्स नसतो, हे खरं. पण कोणतंही मॉडेल विक्रीला येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घेताना निर्माता गिअरबॉक्सचा प्रकार आणि रेशोही देतो. मंजुरी त्या अख्ख्या जुळणीला मिळते. म्हणून काम सुरू करण्याआधी जालन्याच्या परिवहन कार्यालयाला लेखी अर्ज द्यावा. त्यात त्याच निर्मात्याच्या, त्याच मॉडेलच्या मंजूर मॅन्युअल आवृत्तीचे भाग बसवणार असल्याचं स्पष्ट लिहावं. उत्तर लेखी घ्यावं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. तेव्हा जुन्या गाडीला तिथे जावंच लागतं. विमा कंपनीलाही बदल आधी कळवावा, नाहीतर अपघातानंतर दावा नाकारायला तिला आयतं कारण मिळतं.

उलट दिशेच्या बदलाची, म्हणजे अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडी सोयीची करून घेण्याची वाट कायद्याने ठेवलेली आहे. ज्याचा डावा पाय अधू आहे त्याच्यासाठी ऑटोमॅटिक ही चैन नाही, गरज आहे. घरात असं कुणी असेल तर मॅन्युअल करण्याचा विचार मनातून काढून टाकावा आणि ऑटोमॅटिकच दुरुस्त करावा.

९. पैशाचा हिशेब

''मॅन्युअल केली की ॲव्हरेज वाढेल, खर्च निघून येईल,'' असं म्हणतात. हिशेब करू. समजा, जुनी ऑटोमॅटिक लिटरला ११ किलोमीटर देते आणि मॅन्युअल झाल्यावर १३ देईल. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालवली, तर आधी ७२७ लिटर लागत होतं, आता ६१५ लागेल. वाचलं ११२ लिटर. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं तर वर्षाला सुमारे ११,८०० रुपये. बदलाचा सगळा खर्च ८० हजार आला, तर तो निघायला जवळजवळ सात वर्षं. पंधरा वर्षांच्या गाडीकडून आणखी सात वर्षं मागणं जरा जास्तच आहे.

म्हणून नुसत्या ॲव्हरेजसाठी हे करू नये. तुलना करायची ती दुसऱ्या दोन पर्यायांशी. त्याच मॉडेलचा चांगल्या अवस्थेतला जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणून बसवणं हा पहिला. यात वायरी, पेडल, ईसीएम, कायदा कशालाच हात लागत नाही. आहे तोच गिअरबॉक्स जाणकाराकडून खोलून नव्या किटसह बांधून घेणं हा दुसरा. त्यासाठी गाडी छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला न्यावी लागली तरी चालेल. रोज जालना ते अंबड ये-जा करणाऱ्या, गाडीला फक्त साधन मानणाऱ्या माणसाने पहिला पर्याय घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मॅन्युअल करणं कुणाला परवडतं? ज्याच्या मॉडेलचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कुठेच मिळत नाही, ज्याचं इंजिन आणि बॉडी खणखणीत आहे, ज्याला मॅन्युअलची अख्खी गाडी पावतीसकट मिळाली आहे आणि ज्याचा त्या गाडीवर जीव आहे. वडिलांनी घेतलेली पहिली कार भंगारात जाऊन जालन्याच्याच एखाद्या भट्टीत वितळू नये असं वाटणं ही काही वेडगळ इच्छा नाही. तिच्यासाठी खर्च करावा, फक्त त्याला बचत म्हणू नये.

१०. काम झाल्यावर

पहिल्या काही दिवसांत गाडी लांब नेऊ नका. नव्या क्लच प्लेटला सुमारे पाचशे किलोमीटर गावातल्या वापराने बसू द्या. हाफ क्लचवर गाडी रेंगाळवू नका. त्यानंतर गाडी पुन्हा वर घेऊन गिअरबॉक्सच्या तळाशी आणि एक्सलच्या तोंडाशी तेल झिरपतंय का पाहा, माउंटिंगचे बोल्ट पुन्हा आवळा.

घरात ही गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट आवर्जून सांगा. 'पी' मध्ये टाकल्यावर आतला जो खिट्टा गाडीला धरून ठेवायचा, तो जुन्या गिअरबॉक्सबरोबर गेला. आता उभी करताना हँडब्रेक पूर्ण ओढायचा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा रिव्हर्समध्ये ठेवायची. वर्षानुवर्षं ऑटोमॅटिक चालवलेला माणूस सवयीने लिव्हर पुढे ढकलून उतरतो.

बसवलेल्या प्रत्येक भागाचा नंबर, तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या मॉडेलमधून आला ते, आणि वायरी कुठे कशा जोडल्या त्याचा कच्चा आराखडा एका कागदावर लिहून आरसीच्या प्रतीबरोबर गाडीत ठेवा. परिवहन कार्यालयाचं उत्तर आणि जुन्या गाडीची पावतीही त्याच पाकिटात असू द्या. चार वर्षांनी दुसऱ्या गावचा मेकॅनिक क्लच प्लेट मागवायला बसेल, तेव्हा तो चेसिस नंबरवरून ऑटोमॅटिक गाडीचे भाग शोधेल आणि त्या यादीत क्लच प्लेट नसेलच.